घरी बनविलेल्या अंकीय घड्याळासाठी कालस्पंदाचा उगम

घड्याळ काल मोजते असे आपण व्यवहारात म्हणतो. काटेकोरपणे पाहू गेल्यास, घड्याळ कोणत्या तरी नियमितपणे पुनःपुन्हा घडणाऱ्या घटनेची गणती करीत असते. लंबकाच्या घड्याळात ही घटना म्हणजे लंबकाचे हेलकावे. मनगटी घड्याळात केसासारख्या बारीक कमानीने झुलविलेल्या चक्राची आंदोलने. अंकीय घड्याळात ती विद्युत् स्पंदांची मालिका असते. गणती करणारा भाग कितीही निर्दोष असला, तरी ज्या घटनेची गणती करावयाची ती घटनाच अनियमित असेल तर घड्याळ चुकणारच. अंकीय घड्याळात गणकाची चूक जवळजवळ शून्य असते. म्हणून घड्याळाची सारी विश्वसनीयता स्पंदांच्या उगमावर येऊन ठेपते.

विज्ञानाचे अनेक विद्यार्थी व हौशी मंडळी सुट्या भागांतून अंकीय घड्याळ बनवितात. अंक दाखविणारे दिवे, गणक आणि त्यांची जोडणी यांवर त्यांचे बहुतेक श्रम खर्च होतात. सेकंदाचा स्पंद कोठून आणावयाचा, हा प्रश्न मात्र अखेरीस घाईने सोडविला जातो. परिणामी दिसण्यास देखणे, परंतु आठवड्यात दहा मिनिटे मागे पडणारे घड्याळ हाती येते. प्रस्तुत लेखात कालस्पंदाच्या निरनिराळ्या उगमांचा विचार करून प्रत्येकाची चूक किती व ती कशामुळे उद्भवते हे पाहावयाचे आहे. आणि शेवटी घरी बनविता येईल असा एक भरवशाचा उगम तपशिलाने सांगावयाचा आहे.

१. चूक मोजण्याचे माप

एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. घड्याळाच्या चुकीचे प्रमाण फार लहान असल्याने ते टक्क्यांत सांगणे गैरसोयीचे होते. म्हणून दशलक्षांत किती भाग चूक आहे ते सांगण्याची पद्धत आहे. या लेखात त्यास ‘दशलक्षांश’ असे म्हटले आहे. एक दशलक्षांश चूक म्हणजे दिवसास ०.०८६४ सेकंद, महिन्यास सुमारे २.६ सेकंद आणि वर्षास सुमारे ३१.५ सेकंद. उलट एक टक्का चूक म्हणजे दिवसास ८६४ सेकंद, अर्थात् १४ मिनिटे २४ सेकंद. जी अचूकता साध्या प्रयोगात उत्तम समजली जाते ती घड्याळाच्या बाबतीत अगदीच निरुपयोगी ठरते, हे या एका आकड्यावरून ध्यानात येईल.

दुसरी एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. चूक दोन प्रकारची असते. एखादे घड्याळ दररोज नेमके दोन सेकंद पुढे जात असेल, तर ती चूक स्थिर होय. एखादे घड्याळ आज दोन सेकंद पुढे, उद्या एक सेकंद मागे, परवा चार सेकंद पुढे असे वागत असेल, तर ती चूक अस्थिर होय. स्थिर चूक एकदा मोजली की तिची दुरुस्ती करता येते. अस्थिर चुकीला उपाय नाही. यास्तव उगमाची निवड करताना ‘त्याची कंप्रता किती नेमकी आहे?’ यापेक्षा ‘ती किती टिकून राहते?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पुढील प्रत्येक उगमाला आपण हीच कसोटी लावू.

२. रोधक व धारित्र यांचा आंदोलक

सर्वांत स्वस्त उगम म्हणजे एक रोधक व एक धारित्र. धारित्र रोधकातून भारित होण्यास ठराविक वेळ लागतो. तो एका ठराविक विद्युत् दाबापर्यंत पोहोचला की त्यास पुन्हा विसर्जित करावयाचे, व हीच क्रिया अखंड चालू ठेवावयाची. १९७२ मध्ये बाजारात आलेले ५५५ हे एकात्मिक मंडल हेच कार्य करते. त्यात धारित्रावरील दाब पुरवठ्याच्या एक-तृतीयांश व दोन-तृतीयांश या दोन मर्यादांमध्ये वरखाली होत असतो. दोन्ही मर्यादा पुरवठ्याच्याच प्रमाणात असल्याने पुरवठा थोडा कमीजास्त झाला तरी कंप्रता फारशी बदलत नाही. ही रचना चातुर्याची आहे, यात शंका नाही.

तथापि येथे कालाचे माप रोधक व धारित्र यांच्या मूल्यांवर सर्वस्वी अवलंबून आहे. सेकंदाएवढा दीर्घ काल मिळविण्यासाठी बहुधा विद्युत्-अपघटनी धारित्र वापरावे लागते, आणि त्याच्यावर छापलेले मूल्य २० टक्क्यांपर्यंत चुकीचे असू शकते. बदलता रोधक फिरवून ही स्थिर चूक काढून टाकता येईल. परंतु अशा धारित्राची धारिता तपमानानुसार व वयोमानानुसार सतत बदलत असते. चांगला फिल्म धारित्र व धातुपटलाचा रोधक वापरले तरी दोहोंचे मिळून बदल अंशागणिक शंभर-दोनशे दशलक्षांश सहज होतात. दुपार व पहाट यांच्या तपमानात १० अंशांचा फरक असेल, तर घड्याळाच्या गतीत एक-दोन हजार दशलक्षांशांचा, म्हणजे दिवसास दीड ते तीन मिनिटांच्या दराने फरक पडेल. दिव्याची उघडझाप किंवा प्रयोगशाळेतील दहा मिनिटांची मोजणी यांना हा आंदोलक पुरेसा आहे, घड्याळास नाही.

३. घरातील वीज

आपल्या घरात येणारा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास ५० आवर्तने करतो. म्हणजे सेकंदाचा एक तयार उगम भिंतीतील खोबणीतच आहे. त्याच्या कंप्रतेस ५० ने भागले की काम झाले. ही कल्पना फार जुनी आहे. १९१६ च्या सुमारास अमेरिकेत हेन्री वॉरन याने विजेच्या आवर्तनांबरोबर फिरणाऱ्या मोटारीचे घड्याळ प्रचारात आणले, आणि वीजकेंद्रांनी आपली कंप्रता प्रमाण घड्याळाशी ताडून पाहावी असा पायंडा त्यातूनच पडला. पुढे १९७० नंतर जी अंकीय घड्याळांची एकात्मिक मंडले निघाली, त्यांपैकी अनेकांत ५० किंवा ६० आवर्तने मोजण्याचीच सोय होती.

या उगमाची अचूकता समजण्यासाठी वीजजाळ्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेल्यावर दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकतालात आले. कोयनेचे जनित्र व भाक्रा येथील जनित्र एकाच विद्युत् कंप्रतेने चालतात. एक पुढे व दुसरे मागे असे होऊ शकत नाही. आता मागणी उत्पादनाहून वाढली, तर तूट कोठून भरून येते? ती या सर्व जनित्रांच्या फिरत्या वस्तुमानात साठलेल्या गतिज ऊर्जेतून. ऊर्जा काढून घेतली की फिरण्याचा वेग मंदावतो व कंप्रता उतरते. मागणी कमी झाली की ती चढते. अर्थात् घरातील विजेची कंप्रता ही देशातील मागणी व उत्पादन यांच्या समतोलाचा क्षणोक्षणीचा आलेख होय.

भारतीय वीजजाळे संहितेने ही कंप्रता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखावी असे ठरविले आहे. वीजयंत्रांच्या दृष्टीने हा पट्टा अरुंद आहे. घड्याळाच्या दृष्टीने मात्र तो बराच रुंद ठरतो: कंप्रता दिवसभर ४९.९० वर राहिली तर घड्याळ त्या दिवशी १७३ सेकंद मागे पडेल, ५०.०५ वर राहिली तर ८६ सेकंद पुढे जाईल. प्रत्यक्षात कंप्रता वरखाली होत असल्याने चुका एकमेकींस काही अंशी खोडतात. परंतु त्या पूर्णपणे खोडल्या जाव्यात, यासाठी कोणी तरी त्यांचा हिशेब ठेवून मुद्दाम भरपाई करावी लागते.

युरोप खंडाच्या जाळ्यात असा हिशेब ठेवला जातो. विजेच्या आवर्तनांनी चालणारे घड्याळ प्रमाण वेळेपासून २० सेकंदांहून अधिक ढळले, तर कंप्रतेचे लक्ष्य ४९.९९ किंवा ५०.०१ हर्ट्झ असे बदलून ते पूर्वपदावर आणतात. ही व्यवस्था किती परावलंबी आहे, हे २०१८ मध्ये दिसून आले. कोसोव्हो व सर्बिया यांच्यातील वादामुळे त्या भागात घेतलेल्या विजेइतकी वीज जाळ्यात परत घातली जात नव्हती. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत ही तूट ११३ गिगावॅट-तासांपर्यंत गेली. सरासरी कंप्रता ४९.९९६ हर्ट्झ झाली. हा फरक केवळ ८० दशलक्षांशांचा, म्हणजे दिवसास सुमारे सात सेकंदांचा. पण पन्नास दिवसांत त्याचे जवळजवळ सहा मिनिटे झाले, आणि पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत ज्या ज्या चुलीवर वा रेडिओवर विजेची आवर्तने मोजणारे घड्याळ होते, ते ते मागे पडले. त्या घड्याळांत कोणताच बिघाड नव्हता. त्यांनी आपली आवर्तने बिनचूक मोजली होती. आवर्तनेच कमी आली होती.

विजेचा उगम वापरावयाचाच असेल तर तीन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले म्हणजे, स्पंद नेहमी ट्रान्स्फॉर्मरच्या ९ व्होल्टच्या दुय्यम वेटोळ्यावरून घ्यावा. मुख्य तारांना थेट जोडलेले मंडल जीवघेणे असते. दुसरे म्हणजे, तो गणकास देण्यापूर्वी १० किलोओहम व ०.१ मायक्रोफॅरड यांच्या गाळणीतून, त्यानंतर गणकाच्या मर्यादेत दाब राखणाऱ्या झेनर डायोडवरून व मग श्मिट ट्रिगरमधून न्यावा. पंखा वा मिक्सर चालू-बंद करताना तारांवर जे क्षणिक दाब उसळतात त्यांची गणक स्पंद म्हणून नोंद करतो. असे पन्नास खोटे स्पंद म्हणजे एक सेकंदाची चूक, आणि ती नेहमी घड्याळ पुढे नेणारीच असते. तिसरे म्हणजे, वीज गेल्यावर हे घड्याळ थांबणार, हे गृहीत धरून चालावे. भारनियमन ज्यांच्या परिचयाचे आहे त्यांना हे शेवटचे कारणच पुरेसे वाटेल.

४. क्वार्ट्झ स्फटिक

१८८० मध्ये पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी असे दाखविले की, क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत् भार उत्पन्न होतो. उलटपक्षी, अशा स्फटिकास विद्युत् दाब लावला असता त्याचा आकार किंचित बदलतो. ठराविक मापाने कापलेल्या स्फटिकास स्वतःची नैसर्गिक कंप्रता असते. त्याचे कंपन विद्युत् संकेतात रूपांतरित करून, त्याचे वर्धन करून तोच संकेत पुन्हा स्फटिकास दिला, तर झोपाळ्याला दर हेलकाव्यास हलका धक्का द्यावा त्याप्रमाणे ते कंपन अखंड चालू राहते. १९२७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन व जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी या तत्त्वावर पहिले क्वार्ट्झ घड्याळ उभे केले. १९३० नंतरच्या दशकात ही घड्याळे इतकी सुधारली की, पृथ्वीच्या परिवलनाचा वेग वर्षभरात किंचित बदलतो, ही गोष्ट त्यांच्या साहाय्याने उघडकीस आली. तोपर्यंत जी पृथ्वी घड्याळांची परीक्षक होती, तिचीच परीक्षा घड्याळांनी घेतली.

स्फटिकाचे श्रेष्ठत्व कशात आहे? एखादे कंपन सुरू करून सोडून दिले असता किती आवर्तनांनंतर ते विरते, यावरून त्याची गुणवत्ता ठरते. क्वार्ट्झच्या लहानशा काट्याचे कंपन हजारो आवर्तनांपर्यंत टिकते. असा कंपक आपल्या नैसर्गिक कंप्रतेपासून ढळण्यास फार विरोध करतो. वर्धकात, पुरवठ्यात वा तारांत होणाऱ्या बदलांचा प्रभाव त्याच्यावर अल्प पडतो. रोधक-धारित्राच्या आंदोलकात काल ठरविणारी वस्तु व काल बिघडविणारी वस्तु एकच असते. स्फटिकात त्या दोहोंची बव्हंशी फारकत झालेली असते, आणि हाच खरा लाभ होय.

घड्याळांत सर्वत्र आढळणारा स्फटिक ३२,७६८ हर्ट्झचा असतो. ही संख्या विचित्र दिसली तरी सहेतुक आहे. दोनचा पंधरावा घात ३२,७६८ होतो. म्हणून प्रत्येकी दोनने भागणारे पंधरा टप्पे ओळीने जोडले की सेकंदास एक स्पंद मिळतो. याहून कमी कंप्रतेचा स्फटिक आकाराने मोठा होतो. याहून अधिक कंप्रता घेतली तर विभाजक अधिक वीज खातो. शिवाय ही कंप्रता मानवी कानाच्या मर्यादेपलीकडची आहे. १९६९ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीस आलेल्या पहिल्या क्वार्ट्झ मनगटी घड्याळात ८,१९२ हर्ट्झचा, म्हणजे दोनच्या तेराव्या घाताचा स्फटिक होता.

सामान्य स्फटिकाची कंप्रता २५ अंश सेल्सियसला २० दशलक्षांशांच्या आत असल्याची हमी उत्पादक देतात. याचा अर्थ दिवसास १.७ सेकंद, किंवा महिन्यास ५२ सेकंद. ही चूक बव्हंशी स्थिर असल्याने तिची दुरुस्ती शक्य आहे. ती कशी करावी, हे पुढे येईल. अस्थिर चूक येते ती तपमानामुळे. या काट्यासारख्या स्फटिकाची कंप्रता २५ अंशांच्या आसपास कमाल असते, आणि तेथून कोणत्याही दिशेने दूर जाताना ती तपमानाच्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. हे प्रमाण सुमारे ०.०३४ दशलक्षांश दर अंशवर्गास असे आहे. काही उदाहरणे पाहू. तपमान ४० अंश असेल तर फरक १५ अंश, त्याचा वर्ग २२५, आणि घट ७.७ दशलक्षांश, घड्याळ दिवसास ०.६६ सेकंद मागे पडेल. नागपूर-चंद्रपूरच्या वैशाखात ४५ अंश तपमान धरले तर घट १३.६ दशलक्षांश, म्हणजे महिन्यास ३५ सेकंद. पुण्याच्या थंडीत पहाटे १० अंश असता पुन्हा ७.७ दशलक्षांश घटच. वक्र सममित असल्यामुळे उन्हाळा व हिवाळा यांच्या चुका परस्परांस खोडीत नाहीत; दोन्ही ऋतूंत घड्याळ मागेच पडते. उन्हाळ्यातील चूक हिवाळ्यात भरून निघेल, असा समज अनेकांचा असतो. तो निराधार आहे.

एक सावधगिरीची सूचना येथे करणे इष्ट होईल. आजकाल घड्याळासाठी सूक्ष्मनियंत्रक वापरण्याची प्रथा आहे, व त्याच्या पाटीवर १६ मेगाहर्ट्झचा जो आंदोलक असतो त्यालाच पुष्कळ जण क्वार्ट्झ समजतात. अनेक पाट्यांवर तो सिरॅमिक अनुस्पंदक असतो; त्याची चूक ०.५ टक्क्यापर्यंत, म्हणजे दिवसास सात मिनिटांपर्यंत असू शकते. पाटीवरील भाग कोणता आहे, हे पाहिल्यावाचून त्यावर विसंबू नये.

५. प्रत्यक्ष मंडल

पुढील मंडलास दोन एकात्मिक मंडले पुरतात: सी.डी. ४०६० व सी.डी. ४०१३. पहिल्यात आंदोलकासाठी लागणारा वर्धक व दोनने भागणारे चौदा टप्पे आहेत; दुसऱ्यात दोन फ्लिप-फ्लॉप असून त्यांपैकी एक पंधराव्या टप्प्याचे काम करतो.

४०६० ची १६ क्रमांकाची पिन पुरवठ्याच्या धन टोकास व ८ क्रमांकाची ऋण टोकास जोडावी. पिन १२ शून्यीकरणाची आहे; ती ऋण टोकास जोडावी, नाही तर आंदोलक सुरूच होणार नाही. पिन १० व ११ यांच्यामध्ये १० मेगओहमचा रोधक लावावा. त्यामुळे वर्धक योग्य कार्यबिंदूवर राहतो. स्फटिकाचे एक टोक पिन ११ ला, व दुसरे टोक ३३० किलोओहमच्या रोधकातून पिन १० ला जोडावे. हा दुसरा रोधक अनावश्यक समजून गाळू नये. असे लहान स्फटिक सुमारे एक मायक्रोवॅट शक्ती सहन करण्यासाठी बनविलेले असतात. त्याहून अधिक शक्तीने हालविल्यास त्यांची कंप्रता ढळते व प्रसंगी काटा तुटतोही. शेवटी स्फटिकाच्या दोन्ही टोकांपासून ऋण टोकापर्यंत एकेक लहान धारित्र लावावा.

या धारित्रांचे मूल्य कसे ठरवावयाचे? उत्पादकाने स्फटिकासाठी ‘भार धारिता’ सांगितलेली असते. ती बहुधा १२.५ पिकोफॅरड असते. स्फटिकाच्या दृष्टीने दोन्ही धारित्र क्रमसंबंधात येतात. म्हणून १८ पिकोफॅरडचे दोन धारित्र मिळून ९ पिकोफॅरड होतात. तारा व पिना यांची स्वतःची तीन-चार पिकोफॅरड धारिता त्यात मिळविली की अपेक्षित बेरीज जुळते. धारिता अधिक झाल्यास कंप्रता उतरते, कमी झाल्यास चढते; एका पिकोफॅरडचा परिणाम साधारणतः सात-आठ दशलक्षांश, म्हणजे दिवसास अर्ध्या सेकंदाहून अधिक होतो. यावरून तारा आखूड का ठेवाव्यात, व बटाव्याच्या सुट्या जोडणीपेक्षा झाळलेली जोडणी का श्रेयस्कर, हे समजेल.

४०६० च्या पिन ३ वर चौदाव्या टप्प्याचे, म्हणजे सेकंदास दोन स्पंद मिळतात. ते ४०१३ च्या पिन ३ ला द्यावेत, पिन २ ही पिन ५ ला जोडावी, आणि पिन ४ व ६ ऋण टोकास जोडाव्यात. पिन १ वर सेकंदास एक स्पंद मिळेल. पुरवठा पिन १४ व ७ वर द्यावा, आणि उरलेल्या फ्लिप-फ्लॉपच्या पिन ८ ते ११ ऋण टोकास जोडून टाकाव्यात. या जातीच्या मंडलात प्रवेशाच्या पिना मोकळ्या ठेवल्यास ते भलतेसलते वागते.

६. जुळवणी

मंडल चालू झाले की त्याची स्थिर चूक मोजून काढावयाची. याकरिता आंदोलकाच्या पिनेवर कंप्रतामापक लावणे हा मोह टाळला पाहिजे. मापकाच्या शोधकाची धारिता दहा-बारा पिकोफॅरड असते; तो लावताच कंप्रता बदलते, आणि आपण मोजतो ती घड्याळाची कंप्रता न राहता घड्याळ व मापक या जोडीची होते. मापक लावावयाचाच तर विभागलेल्या स्पंदावर, म्हणजे पिन ३ वर लावावा.

परंतु सर्वांत उत्तम मापक म्हणजे खुद्द काल. दशलक्ष सेकंद म्हणजे ११ दिवस १३ तास ४६ मिनिटे ४० सेकंद. घड्याळ प्रमाण वेळेशी बरोबर लावून तितका काल चालू ठेवले, तर त्यानंतर जितक्या सेकंदांचा फरक दिसेल तितके दशलक्षांश चूक झाली. वेगळे गणित करावयास नको. डोळा व हात यांच्या समन्वयातील चूक एक-पंचमांश सेकंदाची धरली, तरी ही मोजणी पाचांशाच्या आसपास, ०.२ दशलक्षांशापर्यंत बिनचूक येते. इतकी सूक्ष्म मोजणी करणारे उपकरण विकत घ्यावयाचे म्हटले तर घड्याळाच्या कितीतरी पट खर्च येईल. येथे किंमत पैशांऐवजी धीराने द्यावी लागते. या काळात खोलीचे तपमान नेहमीसारखेच असावे, व घड्याळ त्याच्या कायमच्या पेटीत बंद असावे. कारण दिव्यांच्या उष्णतेने पेटीतील तपमान बाहेरच्यापेक्षा काही अंश अधिक राहते.

चूक कळल्यावर ती काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग, दोन धारित्रांपैकी एकाच्या जागी ५ ते ३० पिकोफॅरडचा बदलता धारित्र बसविण्याचा. घड्याळ पुढे जात असल्यास धारिता वाढवावी, मागे पडत असल्यास कमी करावी. पेचकस प्लॅस्टिकचा असावा. धातूचा पेचकस जवळ आणल्यानेच कंप्रता बदलते.

दुसरा मार्ग केवळ अंकगणिताचा आहे, आणि गणती सूक्ष्मनियंत्रकाकडे सोपविलेली असेल तर तोच अधिक चांगला. समजा, स्फटिकाची खरी कंप्रता ३२,७६८.४ हर्ट्झ आहे. घड्याळ १२.२ दशलक्षांश, म्हणजे दिवसास १.०५ सेकंद पुढे जाईल. पाच सेकंदांत वस्तुतः १,६३,८४२ आवर्तने होतात. ३२,७६८ ची पाचपट मात्र १,६३,८४० होते. तेव्हा दर पाच सेकंदांपैकी तीन सेकंद ३२,७६८ आवर्तनांचे व दोन सेकंद ३२,७६९ आवर्तनांचे धरले की चूक नाहीशी झाली. प्रत्येक सेकंद एक-तीस-सहस्रांशाने लहानमोठा होतो खरा, पण तो भेद डोळ्यास दिसणारा नाही. बेरीज मात्र अचूक राहते. सौरवर्षाचा पाव दिवस साठवून चौथ्या वर्षी फेब्रुवारीस एक दिवस अधिक देण्याची जी रीत आहे, तिचेच हे लघुरूप होय. बाजारातील क्वार्ट्झ घड्याळांतही स्फटिक मुद्दाम किंचित जलद ठेवून ठराविक अंतराने काही स्पंद वगळण्याची पद्धत रूढ आहे.

७. वीज गेल्यावर

अंक दाखविणारे दिवे हे घड्याळातील खरे खादाड होत. सहा अंकांचे मिळून ४२ खंड, व प्रत्येकास दहा मिलिअँपिअर धरल्यास सर्व पेटल्यावर ४२० मिलिअँपिअर लागतील. आंदोलक, विभाजक व गणक यांना मिळून एक मिलिअँपिअरही लागत नाही. तेव्हा मुख्य ५ व्होल्टचा पुरवठा व दीड व्होल्टचे तीन घट यांना एकेक डायोड लावून दोन्ही एकाच बिंदूवर आणावेत, व तेथून फक्त गणती करणारा भाग चालवावा. दिवे मुख्य पुरवठ्यावरच ठेवावेत. वीज असताना मुख्य पुरवठ्याचा दाब अधिक असल्याने घटांतून प्रवाह जात नाही. वीज जाताच ते आपोआप भार उचलतात. दिवे विझतात, गणती चालू राहते. २,००० मिलिअँपिअर-तासांचे घट या भागास ८० दिवसांहून अधिक पुरतील. सी.डी. ४०२६ यांसारख्या गणकांत, मोजणी चालू ठेवून केवळ दर्शन बंद करण्याची सोय आहे. तिचा येथे उपयोग होतो. विजेच्या आवर्तनांवर चालणाऱ्या घड्याळास हा लाभ मिळू शकत नाही, हे उघड आहे.

८. याहून अधिक अचूकता

तपमानाची चूक ज्यांना सहन होत नाही त्यांच्यासाठी तपमान-भरपाई केलेला आंदोलक हा पुढचा टप्पा होय. डी.एस. ३२३१ या मंडलात स्फटिक, तपमापक व लहान धारित्रांचा समूह एकाच आवरणात असतो. मंडल ठराविक काळाने तपमान मोजते, आणि वर सांगितलेल्या वक्रानुसार धारिता बदलून कंप्रता सावरते. शून्य ते ४० अंशांपर्यंत त्याची चूक २ दशलक्षांशांच्या आत, म्हणजे वर्षास सुमारे एक मिनिट राहते. त्याच्यापासून सेकंदास एक स्पंदही मिळविता येतो. स्फटिकाच्या वयोमानाने होणारा बदल मात्र यातही उरतोच.

शेवटचा टप्पा म्हणजे घड्याळाने स्वतः काल निर्माण करण्याचे सोडून तो ऐकावयाचा. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम-१३३ च्या अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर आधारलेली आहे. मार्गदर्शक उपग्रहांत अणुघड्याळे असतात, आणि त्यांचे संकेत घेणारा लहानसा ग्राहक सेकंदास एक असा स्पंद देतो, ज्याची चूक सेकंदाच्या कोट्यंशाच्या आसपासची असते. भारताच्या नाविक या उपग्रहमालिकेतही अशी घड्याळे आहेत. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एन.व्ही.एस.-०१ या उपग्रहात स्वदेशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ प्रथमच बसविण्यात आले. भारतीय प्रमाण वेळ राखण्याचे कार्य नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते. उपग्रहाच्या ग्राहकास आकाश दिसावे लागते, व संकेत खंडित झाल्यास घड्याळास पुन्हा स्वतःच्या स्फटिकावरच चालावे लागते. म्हणून असा ग्राहक बसविला तरी चांगल्या स्फटिकाची गरज संपत नाही. संकेत नसलेल्या काळात घड्याळ किती ढळेल, हे तोच ठरवितो.

समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. रोधक-धारित्राचा आंदोलक दिवसास मिनिटांनी चुकतो, व ती चूक अस्थिर असल्याने दुरुस्त होत नाही. घरातील विजेची आवर्तने स्वस्त व सुलभ आहेत. पण त्यांची कंप्रता आपल्या हाती नसून सबंध जाळ्याच्या समतोलावर अवलंबून असते, व वीज जाताच घड्याळ थांबते. जुळवणी न केलेला स्फटिक महिन्यास मिनिटभर चुकेल. धीराने जुळवणी केलेला स्फटिक, घरातील तपमान फारसे बदलत नसल्यास, महिन्यास दहा सेकंदांच्या आत राहील. भरपाई केलेला आंदोलक वर्षास मिनिटभराच्या आत राहतो.

घरी घड्याळ बनविणाऱ्याने यांपैकी मधला मार्ग, म्हणजे साधा स्फटिक व स्वतः केलेली जुळवणी, निदान एकदा तरी अवलंबावा असे सुचवावेसे वाटते. तयार मंडल आणून बसविल्याने अचूक घड्याळ मिळेल. परंतु बारा दिवस वाट पाहून एका सेकंदाचा फरक हुडकणे, तो धारित्राच्या किंचित फेऱ्याने वा दोन आवर्तनांच्या हिशेबाने काढून टाकणे, आणि पुढील बारा दिवसांनी तो खरोखर गेला की नाही हे पडताळून पाहणे, यातून मापनशास्त्राचा जो पाठ मिळतो तो विकत मिळत नाही. कोणत्याही मापाला त्याहून विश्वसनीय अशा मापाशी ताडल्यावाचून अर्थ नसतो, आणि ते ताडणे एकदाच करून भागत नाही.